दुसरा फटका

चि. रोहित,

ताईचा फोन आला होता. पुण्यातल्या कोयतेवाल्यांच्या बातम्या वाचून तू गाडीच्या डिकीत लोखंडी रॉड ठेवायला लागलास म्हणे. रात्री दोनला कामावरून सुटणाऱ्याला भीती वाटायचीच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण फौजदारी कोर्टात हयात घालवलेल्या मामाचं थोडं ऐक.

कायदा तुला मार खात उभं राहा म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं स्वसंरक्षणाचीच आहेत. मरणाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. अंगावर हल्ला झालेल्या माणसानं आपला बचाव मोजूनमापून करावा अशी अपेक्षाच चुकीची, असं सर्वोच्च न्यायालयानंही 2010 साली दर्शन सिंग खटल्यात म्हटलंय.

गोची पुढे आहे. हा हक्क धोका असेपर्यंतच टिकतो. समोरच्याच्या हातातला कोयता पडला, त्यानं पाठ फिरवली, की हक्क संपला. पहिला फटका बचावाचा. पळणाऱ्याच्या डोक्यात मागून घातलेला दुसरा तुझा गुन्हा. आणि जखम पुढून की मागून, हे शवविच्छेदनाच्या अहवालात लिहिलेलं असतं, तिथे वकिलाची जीभ चालत नाही. रागाच्या भरात नाही, प्रामाणिकपणे बचाव करताना हात जास्त चालला, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरतील. पण जेल ती जेलच.

चोर पकडून खांबाला बांधणाऱ्या शूरांचंही तेच. चोर हाती लागला की पोलिसांना बोलवायचं, बस. त्याला बडवताना सगळी गल्ली असते, आरोपी म्हणून नावं मात्र चार-पाचांचीच लागतात.

आता रॉडचं. पुण्यात पोलिसांचे मनाई आदेश निघतात, तेव्हा काठ्या-सळ्या बाळगणं हाच गुन्हा होतो. शिवाय सरकारी वकील पहिला प्रश्न विचारेल, "तयारीनंच निघाला होतात ना?" स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते. निर्विवाद पुरावा लागत नाही, कोर्टाला ते संभवनीय वाटलं तरी पुरतं. पण म्हणून उत्तर आधीच बिघडवून ठेवू नकोस. रॉड काढ. मोबाइल मागितला तर देऊन टाक, वाट दिसली तर पळ. पळायलाच हवं असं कायदा म्हणत नाही, मी म्हणतो.

आणि कधी हात उचलावाच लागला, तर 112 ला पहिला फोन तुझा जाऊ दे. समोरचा आधी चौकीत पोचला तर फिर्यादी तो आणि आरोपी तू. मग उलट फिर्याद देऊन क्रॉस केस लढत बस. सरकारी दवाखान्यात जाऊन स्वतःच्या जखमांची नोंद करून घे, रक्ताचे कपडे धुऊ नकोस, जवळच्या दुकानाचं सीसीटीव्ही पुसलं जायच्या आत पोलिसांना दाखव. "फोडला साल्याला" असलं स्टेटस तर मुळीच ठेवू नकोस. असले स्क्रीनशॉट मी आरोपपत्रात पाहिलेत.

जबाब द्यायच्या आधी मला फोन कर. रात्री कितीही वाजता.

तुझा,
मामा