ओल्या वनौषधींसाठी शेतातील वाटा

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्यानंतर द्रव्याची गणना केली असून विपुलता, योग्यता, अनेक कल्पनांस उपयुक्तता व संपन्नता हे द्रव्याचे चार गुण सांगितले आहेत. आज आपण या गुणांची परीक्षा बाजारातून आलेल्या गोणीवरून करतो. वनस्पती कोणत्या भूमीत वाढली व कोणत्या ऋतूत काढली, हे ती गोणी सांगत नाही.

शास्त्राची अपेक्षा

गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा व प्रसारणी ही द्रव्ये सदैव आर्द्र वापरावीत आणि आर्द्र म्हणून त्यांचे प्रमाण दुप्पट करू नये, असे शार्ङ्गधर सांगतो. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, हेही त्याचेच मत. चरकाच्या कल्पस्थानात कोवळ्या फांद्या व पाने वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, तर साल, कंद व क्षीर शरदात घ्यावे असा काल दिला आहे. ओला अडुळसा व्यापारी साठवू शकत नाही. म्हणून आर्द्र द्रव्यासाठी वैद्याला शेताशीच नाते जोडावे लागते.

वाट्याची पद्धत

जपानमध्ये 1970 च्या दशकात ग्राहक व शेतकरी यांच्या थेट भागीची 'तेइकेई' ही चळवळ वाढली. अमेरिकेत 1986 मध्ये मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर येथे अशा दोन शेतांचा प्रारंभ झाला. आपल्याकडे मुंबईत 'हरी भरी टोकरी' या उपक्रमात कुटुंबांनी हंगामाचे पैसे आगाऊ भरून भाजीचा वाटा घेतला. तत्त्व एकच आहे : पेरणीपूर्वी खर्च उचलावा, आलेले पीक वाटून घ्यावे आणि न आलेल्या पिकाचा तोटाही वाटून घ्यावा.

निरगुडसर परिसरासाठी विचार

आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरचे उदाहरण घेऊ. डिंभे धरणाच्या पाण्यामुळे तालुक्याच्या पूर्व भागात ऊस, कांदा, बटाटा ही पिके स्थिरावली. पुणे-नाशिक महामार्गावरील मंचर जवळ असल्याने सकाळी तोडलेला पाला त्याच दिवशी पुण्यात पोहोचू शकतो. परंतु ज्या पिकाला मंचरच्या बाजारात रोजचे गिऱ्हाईक नाही, ते केवळ आपल्या शब्दावर शेतकऱ्याने का लावावे?

समजा, वीस वैद्यांनी प्रत्येकी 2,000 रुपये भरले. 40,000 रुपयांत दहा गुंठ्यांवर बांधाला अडुळसा, कडुनिंबावर गुळवेल व वाफ्यांत शतावरी लावता येईल, असे गृहीत धरू. गारपिटीत निम्मे पीक गेले, तर नेहमीच्या खरेदीत तो सारा तोटा एका कुटुंबावर पडतो. वाट्याच्या पद्धतीत तो वीस जणांत विभागला जातो. शतावरीची मुळे काढणीस येण्यास साधारण दीड ते दोन वर्षे लागतात, म्हणून तिचा वाटा एका हंगामाचा असू शकत नाही. कुटजासारखा वृक्ष या योजनेत बसणार नाही.

करारापूर्वी

1. लागवडीचे नमुने आघारकर संशोधन संस्था अथवा भारतीय वनस्पती सर्वेक्षण यांसारख्या पुण्यातील संस्थेकडून तपासून घ्यावेत.

2. कोणती खते व फवारण्या चालतील, काढणी कोणत्या ऋतूत होईल, हे मराठीत लिहून उभयतांनी सह्या कराव्यात.

3. पीक बुडाल्यास पैसे परत मागता येणार नाहीत, ही अट प्रत्येक सभासदाने समजून घ्यावी. ज्यांना ती मान्य नसेल, त्यांनी नेहमीप्रमाणे खरेदी करावी. त्यात कमीपणा नाही.

4. फार्मसीचालकांनी प्रत्येक तोडणीची तारीख, वजन व वाफा यांची नोंद ठेवावी. 2000 साली लागू झालेल्या अनुसूची 'टी'नुसार कच्च्या मालाच्या नोंदी आवश्यकच आहेत.

5. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सूट आहे. वाट्यातील द्रव्यापासून औषध बनवून इतरांना विकावयाचे असल्यास मात्र परवाना हवा.

स्वस्त माल मिळावा म्हणून कोणी या वाट्यात येऊ नये. शुद्ध द्रव्याचा आग्रह आपण धरतो. त्यासाठी लागणारी जोखीम मात्र आजवर शेतकऱ्याने एकट्याने घ्यावी अशीच आपली अपेक्षा राहिली आहे. पेरणीपूर्वी आपला हिस्सा देणारा वैद्यच शेतकऱ्याकडे आर्द्र वासा हक्काने मागू शकेल, असे आम्हांस वाटते.