जमिनींतील नत्र मोजणारी कर्बाची रेषा

पिकास दिलेल्या युरियाचा कांहीं अंश पिकाच्या मुखीं लागतो, कांहीं हवेंत जातो आणि कांहीं पाण्याबरोबर खोल उतरतो, हें बागाइतदारांस सांगावयास नको. परंतु आज मुळांशीं किती नत्र उरला आहे, हें जाणण्यासाठीं मातीचा नमुना प्रयोगशाळेंत पाठवावा लागतो. आणि तेथून उत्तर येईपर्यंत पुढील हप्त्याची वेळ अनेकदां टळून गेलेली असते. ही अडचण दूर करण्याचे जे प्रयत्न चालू आहेत, त्यांपैकीं कर्बाच्या सूक्ष्म रेषांपासून केलेल्या मापकाची माहिती येथें देण्याचें योजिलें आहे.

हिरा कर्बाचाच असतो, पण त्यांतून वीज वाहत नाहीं. पेन्सिलींतील शिसें, जें वस्तुतः शिसें नसून ग्रॅफाइट आहे, तेंही कर्बाचेंच. त्यांतून मात्र ती सहज वाहते. फरक काय तो अणूंच्या मांडणीचा. ग्रॅफाइटमध्यें अणूंचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. त्यांतील एकच पापुद्रा म्हणजे ग्राफीन. मँचेस्टर विद्यापीठांतील गाइम व नोव्होसेलोव्ह यांनीं २००४ सालीं तो चिकटपट्टीच्या साह्यानें वेगळा केला, व २०१० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

अशा रीतीनें एकेक पापुद्रा सोडवून शेतीचीं मापकें करणें परवडणारें नाहीं. २०१४ सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठांत जेम्स टूर व त्यांचे सहकारी यांनीं निराळी वाट दाखविली. पॉलिइमाइड नांवाचें पिवळसर, उष्णता सोसणारें प्लास्टिक असतें. त्याच्या पातळ तावावर त्यांनीं लेझरचा किरण फिरविला. हा लेझर लाकूड व ॲक्रिलिक कापणाऱ्या कारखान्यांत असतो त्याच जातीचा. किरण पडतो तेथें क्षणभर प्रचंड उष्णता उत्पन्न होते. प्लास्टिकमधील इतर मूलद्रव्यें बहुतांशीं वायुरूपानें निघून जातात आणि मागें काळा, सच्छिद्र, विद्युद्वाहक कर्ब राहतो. कोळसा पाडणाऱ्याच्या भट्टींत जें घडतें त्याचाच हा भाऊबंद. मात्र येथील भट्टी एखाद्या रेघेएवढी रुंद! शाई नाहीं, साचा नाहीं. संगणकावर जशी आकृति काढावी तशी ती तावावर उमटते. ग्राफीनचे कण शाईंत मिसळून छापण्याचीही रीत आहे; पण त्या शाईंतील चिकट द्रव्यें मागाहून उष्णता देऊन घालवावीं लागतात.

२०१८ सालीं आयोवा स्टेट विद्यापीठांत जोनाथन क्लॉसेन यांच्या संशोधकगटानें अशा रेषांवर विशिष्ट पटलें चढवून मातीच्या पाणीमिश्रित रबडींत अमोनियम व नायट्रेट मोजून पाहिलें. कर्बास स्वतःस नत्राची ओळख नसते, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. ओळख पटते ती पटलास. कर्ब केवळ निरोप्या.

हा निरोप कसा वाचावा, हें खरें महत्त्वाचें आहे. मापकाचा विद्युदग्र व दुसरा एक स्थिर विद्युदग्र यांच्यामधील विद्युद्दाब मिलिव्होल्टमध्यें मोजतात. नायट्रेट दसपट झालें कीं, २५ अंश सेल्सिअस उष्णतामानास, हा दाब सुमारें ५९ मिलिव्होल्टांनीं उतरावयास हवा; आयोवा येथील नायट्रेटमापकांत हा आंकडा सुमारें ५५ आला. म्हणजे दसपट फरकासाठीं इतकीच लहान पट्टी! यामुळें मापक ६ मिलिव्होल्टांनीं जरी ढळला, तरी उत्तरांत सुमारें पाव हिश्शाची चूक होते. शिवाय हें माप जमिनींतील पाण्याच्या तीव्रतेचें आहे, एकरीं नत्राचें नव्हे. पाणी दिल्यावर जमिनींतील ओल दुप्पट झाली, तर नत्राचा कणही न गमावतां तीव्रता निम्मी दिसेल. पाणी देण्यापूर्वींचें व नंतरचें वाचन शेजारीं ठेवून नत्र वाहून गेला असा निष्कर्ष काढणें म्हणूनच घातक होय.

दुसरी अडचण क्लोराइडची. नायट्रेट ओळखणारें पटल क्लोराइडलाही थोडीफार दाद देतें. नीरा कालव्याखालील अथवा कृष्णाकांठच्या क्षारपड जमिनींत, किंवा नुकतेंच म्युरेट ऑफ पोटॅश दिलेल्या शेतांत, मापक असलेल्यापेक्षां अधिक नत्र दाखवूं शकेल. आणि त्यावर विसंबून हप्ता चुकविल्यास पीक उपाशी राहील. काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत भेगा पडतात तेव्हां तर मापकाचा मातीशीं संपर्कच तुटतो. त्या वेळचे आंकडे टाकून द्यावेत.

असा मापक कोणी दाखवावयास आणल्यास त्याची परीक्षा घरींच करतां येते. ठिबकामधून देतात तें १३:०:४५ खत, म्हणजेच पोटॅशियम नायट्रेट, १ ग्रॅम घेऊन १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यांत विरघळवावें. त्यांतील १०० मिलिलिटर घेऊन त्यांत तसलेंच पाणी १ लिटर भरेपर्यंत घालावें. दोन्ही भांडीं सावलींत ठेवून एकाच उष्णतामानास येऊं द्यावीं. आधीं पातळ, मग तीव्र द्रवांत मापक बुडवून वाचन स्थिर झाल्यावर लिहून घ्यावें. खताचें वजन किंचित् चुकलें तरी चालेल, दसपटीचें प्रमाण मात्र चुकूं देऊं नये. दोन वाचनांतील अंतर ५० ते ६० मिलिव्होल्टांच्या दरम्यान असावें. तें फारच कमी आल्यास पटल बिघडलें असें समजावें. हीच परीक्षा मापक कांहीं दिवस मातींत राहिल्यावर पुनः करावी, कारण पटलाची खरी झीज तेथेंच होते.