गारा सुरू होण्याआधी गाडी थांबवा

२०१४ चा शिमगा लातूर-नांदेडकडचा शेतकरी विसरू म्हणता विसरणार नाही. फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत थांबायचं नाव घेत नव्हती. आज या तालुक्यात, उद्या त्या. राज्यातले २८ जिल्हे तिच्या तडाख्यात सापडले. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षं, केळी, आंब्याचा मोहोर, सगळं भुईला मिळालं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, ज्या रानात आंबील-भज्जीचा नैवेद्य दाखवला, त्याच रानात दोन-अडीच महिन्यांनी घोट्याएवढा बर्फ साचला होता. पिकांच्या नुकसानीवर तेव्हा पुष्कळ लिहून आलं. रस्त्यात सापडलेल्या माणसांवर फारसं कुणी लिहिलं नाही. मी तेव्हा पिकअप चालवत होतो. अहमदपूर भागातल्या शेतकऱ्यांचा माल लातूरच्या आडतीत पोचवायचा, हा माझा धंदा. अजूनही तोच आहे. म्हणून मी रस्त्याबद्दल सांगतो.

मार्चातली दुपार होती. गाडीत नव्या हरभऱ्याचे कट्टे, वरून ताडपत्री, केबिनमध्ये माझ्याशेजारी मालाचे मालक, वयाने माझ्याहून बरेच मोठे, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो. चाकूर मागे पडलं आणि आष्टामोडच्या दिशेने आभाळ काळंनिळं दिसायला लागलं. त्या काळ्यात एक हिरवट झाक होती. सकाळपासून अंगाला चिकटणारा उकाडा होता, तो एकाएकी गेला आणि खिडकीतून गार वारा आत आला. मी गाडीचा वेग कमी केला. मामा म्हणाले, "थांबायलाव कशाला? माल भिजला तर आडत्या भाव पाडील. दाबा की जरा, निघून जाऊ." त्यांचं चुकत नव्हतं. वर्षाची कमाई मागे कट्ट्यांत होती. पण पुढे जाणं म्हणजे ढगाच्या पोटात शिरणं, हे समोर दिसत होतं. मी म्हटलं, "मामा, माल भिजला तर वाळवता येईल."

रस्त्याकडेच्या एका गावात स्लॅबचं समाजमंदिर होतं. त्याच्या भिंतीला लागून गाडी लावली. दाराला कुलूप. समोरच्या चिंचेखाली मोटारसायकल लावून एक जोडपं उभं होतं, बाईच्या कडेवर लेकरू. मी ओरडून त्यांना केबिनमध्ये बोलावलं. ते यायला तयार होईनात, झाड मोठं आहे म्हणाले. शेवटी मामाच खाली उतरले आणि बाईला म्हणाले, "लेकी, लेकराला घेऊन ये आधी, गाडी राहू दे तिथंच." ती आली, मग तिचा नवराही आला. तेवढ्यात पहिल्या गारा टपावर वाजल्या.

त्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. समोरची काच दोन ठिकाणी तडकली, पण जागची हलली नाही. बाजूच्या खिडकीची काच मात्र एका फटक्यात भुगा होऊन मांडीवर आली. मामांनी अंगावरची धाबळी काढून लेकरावर धरली होती, म्हणून त्याला काही झालं नाही. दहा-बारा मिनिटं हे चाललं असेल. थांबलं तेव्हा चिंचेची एक जाड फांदी मोटारसायकलच्या सीटवर आडवी पडली होती.

खाली उतरलो तर पायाखाली सगळं पांढरं. एक गार दगडावर आपटून फोडली. आत एकावर एक चढलेले थर होते, एक दुधासारखा, एक काचेसारखा स्वच्छ, परत दुधासारखा. पलीकडच्या कडुलिंबाला एक पान उरलं नव्हतं आणि बुंध्याशी पोपट मरून पडले होते. जवळच्या हरभऱ्यात घाटे फुटून दाणे चिखलात रुतले होते. शेळ्या घेऊन रानात गेलेल्या एका म्हातारीला डोक्याला टाके पडले, हे नंतर कळलं. तिच्यासोबतच्या माणसाकडे घोंगडी होती, त्याला खरचटलंसुद्धा नाही. चौपदरी घडी केलेली घोंगडी, पोतं, टोपलं, घमेलं, हाताला येईल ते डोक्यावर धरलं तर जीव वाचतो. लिंबाएवढी गार खाली येते तेव्हा तिचा वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास असतो. १८८८ साली ३० एप्रिलला उत्तरेत मुरादाबादेत गारपिटीने २४६ माणसं मेली. गारपिटीने एका वेळी एवढी माणसं मेल्याची दुसरी नोंद जगात नाही. बांगलादेशात गोपालगंजला १९८६ च्या एप्रिलमध्ये पडलेली गार किलोभर वजनाची भरली होती.

हे आपल्याकडे का होतं, ते समजून घेतलं तर आभाळ वाचता येतं. थंडी सरत असताना पश्चिमी झंझावात उत्तर भारतावरून जातात आणि त्यांच्याबरोबर वरच्या थरात थंड, कोरडी हवा आपल्यापर्यंत उतरते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून ओलसर वारं खालून येतं. जमीन तापलेली असते. खालची गरम, ओली हवा उसळून वर जाते, ढग बारा-बारा किलोमीटर उंच चढतो. मार्चमध्ये चार-साडेचार किलोमीटरच्या वर पाणी गोठतं. तिथे गोठलेला थेंब उसळत्या हवेत तरंगत राहतो, त्याच्यावर बर्फाचे थर चढत जातात आणि हवेला त्याचं वजन पेलेनासं झालं की तो खाली येतो. म्हणून गारपीट बहुधा दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत येते. सकाळी दमट उकाडा, दुपारी गोबीच्या गड्ड्यासारखे चढत जाणारे ढग, मग एकदम गार वारा आणि धूळ, ही तिची चाल. तो गार वारा लागल्यावर हातात फार तर पाच-दहा मिनिटं उरतात.

त्या पाच-दहा मिनिटांत गाडीवाल्याने काय करायचं, ते माझ्या अनुभवातून सांगतो.

गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, चारी इंडिकेटर चालू ठेवा. अर्धी डांबरावर अर्धी साइडपट्टीवर अशी उभी करू नका, मागचा ट्रक काही दिसत नसताना येत असतो. झाडाखाली नको, विजेच्या तारांखाली नको, मोठ्या होर्डिंगजवळ तर नकोच. ओढ्याच्या फरशी पुलाजवळही थांबू नका, कारण गारा आणि पालापाचोळा वाहून येऊन नळ्या तुंबतात आणि पाणी रस्त्यावर चढतं. शक्य असेल तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवा. समोरची काच दोन थरांची असते, ती तडकते पण सहसा आत येत नाही. बाजूच्या आणि मागच्या काचा फुटतात. लेकरांना मधे घ्या, पाठ खिडकीकडे करा, चादर, ब्लँकेट, स्वेटर, काही असेल ते डोक्यावर घ्या. आणि काहीही झालं तरी ताडपत्री आवळायला खाली उतरू नका. ती आभाळ भरलं तेव्हाच आवळायची.

मोटारसायकलवाल्याला तर पळायला जागाच नसते, म्हणून त्याने आणखी आधी थांबावं. हेल्मेट काढायचं नाही. पक्क्या भिंतींची, स्लॅबची इमारत दिसली की आत शिरायचं. शाळा, ग्रामपंचायत, समाजमंदिर, कुणाचंही घर. पत्र्याचं शेड दिसलं म्हणून धावू नका. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यात पारसला वादळात कडुलिंबाचं झाड मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर कोसळलं आणि आसऱ्याला थांबलेली सात माणसं गेली.

गारांबरोबर वीज असतेच, आणि मराठवाड्यात दरवर्षी अवकाळीत माणसं जातात ती जास्त विजेने. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून होत नसतील तर वीज तुमच्या अंगणात आहे असं समजा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पत्र्याच्या टपाची बंद गाडी विजेपासून सुरक्षित असते. उघडा ट्रॅक्टर, मोटारसायकल, बैलगाडी मुळीच नाही. जनावरं एका झाडाखाली दाटीने बांधलेली असली तर एका विजेत सगळी जातात, म्हणून आभाळ भरलं की आधी ती झाडापासून सोडा. कुणाच्या अंगावर वीज पडली तर त्याला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध जोराने, भरभर दाबत राहा आणि १०८ ला फोन लावायला दुसऱ्याला सांगा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप वीस ते चाळीस किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजेची सूचना देतं. प्रत्येक ड्रायव्हरच्या फोनमध्ये ते असायला पाहिजे. हवामान खात्याचा जिल्हावार पिवळा-नारिंगी इशारा आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला सकाळी पाहायची सवय लावा. नारिंगी इशारा असेल त्या दिवशी मी माल पहाटे भरतो आणि दुपारच्या आत आडतीत पोचवतो. भाडं कमी पडलं तरी चालतं.

गारा थांबल्यावरही लगेच निघायचं नाही, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. फरशीवर ज्वारी सांडल्यावर पाय जसा सटकतो, तशी टायरखाली गार सटकते. डांबर तापलेलं असतं, खालची गार वितळून पाण्याचा थर होतो, त्यात महिन्यांची धूळ, सांडलेलं डिझेल आणि झोडपलेला पाला. ब्रेक लावला की गाडी सरळ पुढे जाते. शिवाय थंड जमिनीवर ओलसर हवा आली की कमरेएवढं धुकं धरतं आणि पुढच्या वळणावर पडलेलं झाड दिसत नाही. आम्ही त्या दिवशी अर्धा-पाऊण तास तिथेच थांबलो, मग दुसऱ्या गिअरमध्ये निघालो. पुढे दोन गाड्या खड्ड्यात गेलेल्या पाहिल्या. दोन्ही गारा थांबल्याबरोबर निघालेल्या होत्या. मामांचा माल कडेचा थोडा भिजला होता. दोन उन्हं दिली, विकला गेला.

आता कागदाचं. नुकसान झाल्या दिवशीच फोटो काढा, फोटोत तारीख आणि गट नंबर कळेल असं काही असू द्या. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांचा पंचनामा होईपर्यंत रान नांगरू नका. सरकारी मदतीला किमान तेहतीस टक्के नुकसानीची अट आहे, २०१५ च्या आधी ती पन्नास टक्क्यांची होती. जनावर मेलं तर पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका. रब्बीची ई-पीक पाहणी वेळेत करा, नाहीतर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही. पीक विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात. गारपिटीची तक्रार ७२ तासांत करायची, ही कित्येक वर्षं पाठ झालेली गोष्ट होती, पण २०२५ च्या खरिपापासून राज्याने योजनेचा साचा बदलून भरपाई पीक कापणी प्रयोगावर आणली. म्हणून पेरणीच्या वेळीच कृषी सहायकाला विचारून घ्या. गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर गारांनी फुटलेल्या काचेचा एक रुपया मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर मिळतो, मात्र कंपनीला कळवण्याआधी गाडी दुरुस्तीला टाकू नका.

कागद हलायला वेळ लागतो, हे मनाशी धरून चाला. २०१४ ला ऐन गारपिटीत, ५ मार्चला, लोकसभेची आचारसंहिता लागली. मार्च २०२३ मध्ये गारा पडल्या तेव्हा जुन्या पेन्शनसाठी कर्मचाऱ्यांचा संप चालू होता, पंचनामे अडकून पडले. दोन्ही वेळा ज्यांनी स्वतःहून फोटो आणि अर्ज तयार ठेवले होते, त्यांना नंतर बोलायला तोंड होतं.

एक मागणी मात्र माझी गावांकडे आहे. नागपूर-तुळजापूर हमरस्त्यावर नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर या पट्ट्यात रस्त्याला लागून कितीतरी गावं आहेत, आणि बहुतेक गावांत रस्त्याजवळ स्लॅबची एक तरी सार्वजनिक इमारत आहे. ती बंद असते. किल्ली सरपंचांच्या घरी, नाहीतर शिपायाकडे, आणि शिपाई रानात. फेब्रुवारी ते मे ही किल्ली रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर किंवा किराणा दुकानात ठेवा आणि दारावर तसं लिहा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा ठराव घ्यायला खर्च काहीच नाही. सरपंच मंडळी, या वर्षी तो घ्या.