‘चालायचंच’ म्हणून गप्प बसू नकोस

अगं बयो, डोहाळजेवण झालं, आता तू माहेरी जाशील. आई-काकू तुला तळहातावर झेलतील, त्याची मला काळजी नाही. पण काही गोष्टी त्यांच्याशी बोलायला तू लाजशील, म्हणून मीच सांगते.

आधी लोहाच्या गोळ्या. मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून त्या तशाच पडून राहतात, हे मला ठाऊक आहे. काळं होतं ते गोळीमुळेच, घाबरू नकोस. मळमळत असेल तर रात्री जेवण झाल्यावर घे. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र नको, लोह अंगी लागत नाही. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात, आणि अशा बाईला बाळंतपणातला रक्तस्राव फार जड जातो. बाळंत झाल्यावरही १८० दिवस ही गोळी घ्यायची असते. बहुतेकजणी तिथेच सोडून देतात.

डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा-हात सुजले किंवा पोटात वरच्या बाजूला दुखलं, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घे. तो १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर घरी थांबायचं नाही. बाळाची हालचाल कमी वाटली तरी तसंच.

आणि हे सगळं बाळंत झाल्यावर संपत नाही गं. तेव्हा घरातले सगळे डोळे पाळण्याकडे लागतात आणि बाळंतीणही स्वतःला विसरते. रक्तदाब बाळंतपणानंतरही वाढू शकतो. अंगावरून जाणारच, पण तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, स्रावाला घाण वास येत असेल, थंडी वाजून ताप भरला असेल, एकच पोटरी सुजून दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर कुणी ‘बाळंतपणात एवढं चालायचंच’ म्हणालं तरी ऐकू नकोस. सव्वा महिना बाहेर पडायचं नाही हा नियम दवाखान्याला लागू नाही. आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत घरी येऊन जातात. त्या बाळाचं वजन करतील, तेव्हा तुझंही दुखणं त्यांना सांग.

डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, मेथी, तूपभात सगळं खा. तेल लावून अंग चोळून घे. सिझेरियन झालं तर टाके सांभाळून, डॉक्टरांना विचारून. पण दारं-खिडक्या लावून खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवू देऊ नकोस. तो धूर तुझ्याही छातीत जातो, बाळाच्याही. पाणी तोडायला सांगतील, तेही ऐकू नकोस. दूध पाजणारीला तहान जास्तच लागते. पहिला चीक पिळून टाकायचा नाही, तो बाळाच्याच पोटात जायला हवा. मध-घुटी बोटभरही नको. सहा महिने फक्त तुझं दूध.

पहिल्या आठवड्यात उगाच रडू येईल. येऊ दे, बहुतेकींना येतं. पण दोन आठवडे उलटले तरी मनाला उभारी येत नसेल, बाळ झोपलेलं असतानाही तुला झोप लागत नसेल किंवा नको ते विचार येत असतील, तर तो आजार आहे, तुझ्या मायेतली उणीव नव्हे. त्यावर उपचार आहेत. आईला सांगवत नसेल तर मला सांग, किंवा टेली मानस या मनाच्या आजारांसाठीच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मात्र स्वतःला काही करून घेण्याचा किंवा बाळाला काही करण्याचा विचार डोकावला, तर एकटी राहू नकोस, लगेच कुणाला तरी हाक मार आणि दवाखान्यात जा.

आणखी एक, भाऊजींनाही सांग: बाळंतपणानंतर पाळी सुरू व्हायच्या आधीही दिवस राहू शकतात. बाळंतपणाच्या दवाखान्यातच डॉक्टरांशी याबद्दल बोलून घे.

जाताना सगळे रिपोर्ट आणि माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत वरच ठेव. आपल्याकडच्या दवाखान्यात रात्री सिझेरियन होतं का, रक्ताची सोय कुठे आहे, गाडी कुणाची मिळेल, हे दादाला आत्ताच विचारून ठेवायला लाव. १०८ नंबर घरात सगळ्यांना पाठ हवा, आजीलासुद्धा.