पुराणकथा, कोडी आणि खेळणाऱ्यांची मते

गोदावरीकाठच्या नाशिक शहरात पुराणकथा पुस्तकात शोधावी लागत नाही. पंचवटी, तपोवन, रामकुंड, सीतागुंफा ही नावे येथील रोजच्या बोलण्यात येतात. शहराचे नावही शूर्पणखेच्या नासिकेशी जोडले जाते आणि त्र्यंबकच्या वाटेवरील अंजनेरी हे हनुमंताचे जन्मस्थान होय, अशी येथील श्रद्धा आहे. सुरगाणा, पेठ या भागांतील आदिवासी गावांत बोहाड्याच्या रात्री गणपती, सरस्वती, रावण मुखवटे चढवून प्रत्यक्ष अंगणात नाचतात. अशा जिल्ह्यातील मूल संगणकावर पुराणकथेचा एखादा खेळ उघडते, तेव्हा त्याच्यासमोर येणारी दैवते मात्र अनेकदा ग्रीसची किंवा उत्तर युरोपातील असतात. जगभर गाजलेल्या ‘गॉड ऑफ वॉर’ व ‘हेडीस’ या खेळांची कथानके त्याच पुराणांतून घेतलेली आहेत.

या प्रघाताला एक लक्षणीय अपवाद महाराष्ट्रातच निर्माण झाला. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विच या खेळयंत्रासाठी व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगणक आणि इतर यंत्रांसाठी प्रसिद्ध केला. त्यापूर्वी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा संस्थेचा प्रयत्न अयशस्वी झाला होता. तरीही काम थांबले नाही. ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत २०२० च्या उत्कृष्ट पहिल्या निर्मितीसाठी जी पाच नावे पुढे आली, त्यांत ‘राजी’चा समावेश होता. पुरस्कार दुसऱ्या खेळाला मिळाला.

हा खेळ ज्यांनी खेळला, त्यांना तो कसा वाटला? हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. पुराणकथा हा समाजाचा सामाईक ठेवा आहे. तो नव्या माध्यमात कोणी व कोणत्या भाषेत मांडावा, याचा निर्णय आज होत आहे आणि त्या निर्णयात खेळणाऱ्यांचे मत हा महत्त्वाचा पुरावा आहे.

तत्पूर्वी एक खुलासा अगत्याचा आहे. ‘संगणकावरील खेळ’ म्हणताच अनेक पालक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या डोळ्यांपुढे पैसे लावून खेळला जाणारा खेळ येतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमात पैशाचे खेळ आणि शैक्षणिक वा करमणुकीचे खेळ यांत स्पष्ट भेद करण्यात आला आहे. पहिल्या प्रकारास मनाई आहे, दुसऱ्यास उत्तेजन आहे. येथे विचार करावयाचा आहे तो दुसऱ्या प्रकाराचा.

खेळणारे काय म्हणतात

‘राजी’ची कथा थोडक्यात अशी. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुरांचे सैन्य जत्रेवर चालून येते व मुलांना पळवून नेते. कसरतीचे खेळ करणारी राजी आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या शोधात निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. पुढे विष्णूचेही साहाय्य मिळते. विशेष म्हणजे ही दोन दैवतेच तिच्या प्रवासाचे निवेदन करतात. राजस्थानी वास्तुशैली, पहाडी चित्रशैलीवरून बेतलेली पार्श्वभूमी आणि कथेचे दुवे जोडणाऱ्या छायाबाहुल्या यांचा खेळात उपयोग केलेला आहे. काही भाग बाली बेटावरील परंपरेतूनही घेतला आहे.

या चित्ररूपाविषयी मतभेद जवळजवळ नाहीत. भारतातील व परदेशातील खेळणाऱ्यांनी त्याची एकमुखाने स्तुती केली. मंदिरांच्या भिंतींवरील चित्रांपाशी थांबले की दुर्गा व विष्णू त्या त्या दैवताची कथा सांगतात, हेही पुष्कळांना आवडले. ज्यांना या कथा अगदी परक्या होत्या, त्यांना तर विशेषच. बाहुल्यांच्या बाबतीत येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावच्या ठाकर समाजाने चामड्याच्या छायाबाहुल्यांची व चित्रकथीची परंपरा जपली असून तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला. खेळात जे पाहून परदेशी खेळाडू हरखतो, त्याचे सख्खे नातलग आपल्या कोकणातच आहेत.

स्तुती संपते तेथून मते अधिक उपयुक्त होऊ लागतात. लढाईच्या हालचाली अडखळतात, अशी तक्रार वारंवार आढळते. इंग्रजी संवादांची फेक कित्येकांना खटकली. खेळ पाच-सहा तासांत संपतो आणि संपतो तोही मध्येच, हा आक्षेप तर सर्वांत मोठा होय. कथा ऐन भरात असताना पडदा पडतो. भावाला शोधत इतका पल्ला गाठलेल्या खेळाडूला पुढे काय झाले ते कळत नाही. या आक्षेपात रोष आहे, परंतु तो अनास्थेतून आलेला नाही. कीर्तनकाराने आख्यान अर्ध्यावर सोडून आरती सुरू करावी आणि श्रोत्यांनी चुळबुळ करावी, त्या जातीचा तो रोष आहे.

निर्मात्यांनी मते ऐकली, असे दिसते. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली, तिच्यात लढाईत सुधारणा झाल्या व हिंदी संवादांची सोय झाली. २०२५ मध्ये ‘राजी: कलियुग’ या पुढील खेळाची घोषणाही करण्यात आली.

कोडे कथेतून उगवते तेव्हा

ज्या एका मताकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे, ते कोड्यांविषयीचे आहे. ‘राजी’मध्ये लढाईच्या मधून मधून कोडी येतात. एका प्रकारात वर्तुळाकार चित्राचे तुकडे फिरवून राजी व गोलू यांच्या गतायुष्यातील प्रसंग जुळवावा लागतो. चित्र जुळले की आठवण जागी होते. कल्पना हृद्य आहे. परंतु कोडी फार सोपी आहेत आणि क्षणभर विसावा देण्यापलीकडे त्यांना काम नाही, असे अनेकांनी म्हटले आहे. ती सोडवताना पुराणातले काही ठाऊक असावे लागत नाही आणि सुटल्यावर काही नवे कळतेच असेही नाही.

हे मत वाचताना मराठी वाचकाला आपल्याच दोन कथा आठवाव्यात. महाभारतातील यक्ष तळ्याचे पाणी पिण्यापूर्वी प्रश्नांची उत्तरे मागतो. चार पांडव उत्तर न देता पाणी पितात आणि गतप्राण होतात. युधिष्ठिर उत्तरे देतो, पण खरी परीक्षा त्यानंतर असते: एकाच भावाला जीवदान मिळणार असता तो भीम किंवा अर्जुन न मागता सावत्र आईचा मुलगा नकुल मागतो. येथे कोडे वगळले तर कथाच उरत नाही. वेताळपंचविशीची रचना तर आजच्या खेळांच्या निर्मात्यांनी मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर मस्तकाची शकले होणार, बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळणार आणि फेरी पहिल्यापासून सुरू होणार. अखेरच्या कोड्याचे उत्तर राजाला येत नाही, म्हणून तो गप्प राहतो आणि म्हणूनच फेरा संपतो. हरल्यावर पुन्हा आरंभापासून सुरुवात करण्याची जी रीत आजची मुले खेळयंत्रावर शिकतात, ती आपल्या आजीच्या गोष्टीत केव्हाच होती. कथा आणि खेळ यांचा मेळ आपल्याला नवा नाही. ज्ञानेश्वरांशी परंपरेने जोडलेला मोक्षपट हेही त्याचेच उदाहरण.

परदेशातील दोन खेळ या दृष्टीने तुलनेस घेण्यासारखे आहेत. ‘रोकी’ हा ब्रिटनमधील ‘पॉलिगॉन ट्रीहाउस’ या संस्थेचा खेळ जुलै २०२० मध्ये, म्हणजे ‘राजी’च्या आधी जेमतेम महिनाभर प्रसिद्ध झाला आणि पुरस्काराच्या त्याच पाच नावांत त्याचेही नाव होते. योगायोग असा, की त्यातही बहीण पळवून नेलेल्या भावाला शोधते. मात्र त्यात लढाई मुळीच नाही. नॉर्वे-स्वीडनकडील लोककथांतील जीवांशी तोव नावाची मुलगी बोलते, त्यांची अडचण समजून घेते आणि कोडी सोडवून ती दूर करते. भयंकर दिसणारा जीव जखमी निघतो. त्याच्या अंगात रुतलेले शस्त्र काढले की तो वाट देतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा जावे लागते, अशी तक्रार खेळणाऱ्यांनी केली. परंतु सुटलेल्या कोड्याबरोबर कथेतील दुःख उलगडत जाते, याची दादही दिली.

दुसरे उदाहरण अलास्कातील इन्युपियाट समाजाचे होय. तेथील ‘कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल’ या संस्थेने पुढाकार घेऊन २०१४ मध्ये ‘नेव्हर अलोन’ हा खेळ सिद्ध केला. ज्या कथाकाराने सांगितलेल्या गोष्टीवर तो आधारलेला आहे, त्याच्या मुलीशी निर्मात्यांनी आधी बोलणे केले. नुना ही मुलगी आणि एक कोल्हा यांच्या जोडीने कोडी सुटतात. अदृश्य आत्मे कोल्ह्यामुळे प्रकट होतात आणि त्यांच्याच आधाराने नुना पुढचा उंचवटा गाठते. म्हणजे कोडे समाजाच्या श्रद्धेतूनच उगवलेले आहे. गोष्ट इन्युपियाक भाषेत सांगितली जाते. इतरांनी खाली उमटणाऱ्या ओळी वाचाव्यात, अशी योजना आहे. खेळता खेळता त्या समाजातील वडीलधाऱ्यांच्या मुलाखतींचे लघुपट खुले होतात. हालचालींवरचा ताबा सुटतो म्हणून खेळणारे कुरकुरले, पण लघुपटांसाठी थांबून राहिले. २०१५ मध्ये या खेळास ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेचा पहिल्या निर्मितीचा पुरस्कार मिळाला.

येथे मराठीचा प्रश्न उभा राहतो. ‘राजी’ हिंदीत ऐकता येतो, इंग्रजीत ऐकता येतो. ज्या राज्यात तो घडला, त्या राज्याच्या भाषेत मात्र ऐकता येत नाही. निर्मात्यांना दोष देणे सोपे आहे, पण बाजारपेठ ज्या भाषेत मागणी करते त्याच भाषेत माल येतो. मराठी खेळणारा आपले मत बहुधा इंग्रजीत नोंदवतो आणि त्यामुळे मराठीची मागणी कोठेही उमटत नाही. अलास्कात ती मागणी बाजाराने केली नव्हती, समाजाच्या संस्थेने केली होती. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, खेळ व चित्रकथा या उद्योगांसाठी स्वतंत्र धोरणास मान्यता दिली आहे. त्या धोरणातून पुढे येणाऱ्या प्रकल्पांत मराठी आवाजाची अट किंवा निदान आग्रह असावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

मते कशी वाचावीत

खेळणाऱ्यांची मते म्हणजे जनमत नव्हे, याचेही भान ठेवले पाहिजे. ग्रामसभेत जो बोलतो त्याचेच म्हणणे इतिवृत्तात येते. मागे बसून ऐकणाऱ्याचे येत नाही. तसेच येथे होते. फार आवडलेले आणि फार चिडलेले लोक लिहितात. संगणकावरील खेळांच्या ‘स्टीम’ या मोठ्या विक्रीकेंद्रावर मत देणाऱ्याने खेळ किती तास खेळला, तेही मताशेजारी नोंदलेले असते. अर्धा तास खेळून दिलेला अभिप्राय आणि शेवटपर्यंत जाऊन दिलेला अभिप्राय एका तराजूत तोलू नयेत. स्वतःच्या देवतांना पडद्यावर पाहून भारावलेल्या माणसाचे मत खरेच असते, पण त्याने कोड्याची पारख होत नाही. उलट परक्या खेळाडूला नावे व नाती कळत नाहीत, हा त्याचा दोष की खेळाचा, हेही तपासावे लागते.

नाशिकच्या शाळांत हा अभ्यास संगणकाविनाही करता येण्यासारखा आहे. पांडवलेणी हे त्यासाठी उत्तम स्थळ. त्रिरश्मी डोंगरावरील या २४ लेण्यांचा पांडवांशी संबंध नाही; ती बौद्ध लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, तर दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांची नोंद आहे. मग त्यांना पांडवांचे नाव का मिळाले? हे खरे कोडे आहे आणि ते सोडवताना कथा व इतिहास यांतील भेद मुलांना आपोआप कळतो. सातवी-आठवीच्या मुलांचे चार-चारांचे गट करावेत. प्रत्येक गटाने परिसरातील एक कथा निवडून, तिच्यातील माहिती असल्याशिवाय सुटणार नाही असे एक कोडे रचावे. दुसऱ्या गटाने ते सोडवून आपले मत दोन वाक्यांत, कारणासह, मराठीत लिहावे. ‘आवडले’ एवढे उत्तर स्वीकारू नये.

लेण्यांच्या परिसरात दगडावर कोरलेले जुन्या खेळांचे पटही आढळतात. मुलांना ते अवश्य दाखवावेत. मात्र ही लेणी संरक्षित स्मारक असल्याने पटांवर खडूने रेघा ओढू नयेत किंवा सोंगट्या मांडू नयेत. आकृती वहीत उतरवून घ्यावी आणि खेळ शाळेच्या ओसरीवर मांडावा.