हुशार हान्स

मुलांनो, तुम्ही नंदीबैल पाहिला आहे ना? 'यंदा पाऊस पडेल का?' असे विचारले, की तो मान हलवतो. पण बैलाला प्रश्न खरोखर कळतो का? जर्मनीतील लोकांना एका घोड्याबद्दल असाच प्रश्न पडला होता.

बर्लिन शहरात विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त शिक्षक राहत होते. त्यांच्या घोड्याचे नाव हान्स. प्राण्यांनाही माणसांसारखे शिकवता येते, असे त्यांना वाटे. ते हान्सला रोज गणित शिकवत. उत्तर बरोबर आले, की पाव किंवा गाजर देत.

'तीन आणि चार मिळून किती?' असे विचारले, की हान्स खुराने जमिनीवर सात ठोके देई. बेरीज, वजाबाकी, अगदी अपूर्णांकसुद्धा! हान्सला पाहण्यासाठी लोकांची गर्दी होऊ लागली. फॉन ओस्टेन कोणाकडून पैसे मात्र घेत नसत.

१९०४ साली तेरा जणांच्या समितीने हान्सला तपासले. समितीत प्राण्यांचे डॉक्टर होते, शिक्षक होते, सर्कशीतील जाणकारही होते. 'यात लबाडी नाही,' असे त्यांनी सांगितले. मग घोड्याला गणित येत होते का?

हे शोधण्याचे काम मानसशास्त्राचे प्राध्यापक कार्ल स्टुम्फ यांनी ऑस्कार फुंग्स्ट यांच्याकडे सोपवले. फुंग्स्ट हे त्यांच्या हाताखाली शिकणारे तरुण अभ्यासक होते. माणसे आणि प्राणी कसे वागतात, का वागतात, याचा अभ्यास म्हणजे मानसशास्त्र.

फुंग्स्ट यांनी एक युक्ती केली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, असे प्रश्न त्यांनी विचारायला लावले. आणि काय आश्चर्य! हान्सची उत्तरे चुकू लागली. मग त्यांनी हान्सच्या डोळ्यांना झापडे लावली. विचारणारा दिसेनासा झाला, की हान्स पुन्हा गोंधळे. चिडून तो चावाही घेई!

आता फुंग्स्ट घोड्याकडे नव्हे, तर माणसांकडे निरखून पाहू लागले. तेव्हा कोडे सुटले. प्रश्न विचारणारा खुराकडे पाहण्यासाठी किंचित वाके. हान्स ठोके देऊ लागे. बरोबर आकडा येताच त्या माणसाची मान नकळत जराशी वर होई. हान्स लगेच थांबे. मान हलली, हे त्या माणसाला स्वतःलाही कळत नसे!

पुढे फुंग्स्ट स्वतःच 'घोडा' झाले. पंचवीस माणसांना त्यांनी मनात एक आकडा धरायला सांगितले आणि स्वतः हाताने ठोके दिले. त्यांतील तेवीस जणांच्या माना तशाच हलल्या.

हे सारे फुंग्स्ट यांनी १९०७ साली पुस्तकात लिहून लोकांपुढे ठेवले. नुसता निष्कर्ष सांगून ते थांबले नाहीत. कोणता प्रयोग केला, का केला, तेही सांगितले. फॉन ओस्टेन यांना त्यांनी लबाड म्हटले नाही. ते प्रामाणिक होते, पण त्यांची समजूत चुकीची होती. फॉन ओस्टेन यांना फार वाईट वाटले. १९०९ साली ते वारले. पण आपला हान्स गणित करत नाही, हे त्यांनी कधीच मानले नाही.

मुलांनो, हान्सला गणित येत नव्हते. पण माणसांकडे बारकाईने पाहणे येत होते. आजही नव्या औषधाची चाचणी घेताना खरे औषध कोणाला दिले, हे पुष्कळदा रोग्याला आणि डॉक्टरांनाही सांगत नाहीत. नकळत होणाऱ्या चुका त्यामुळे टळतात.

एखादी अद्भुत गोष्ट ऐकली, तर तिची टर उडवू नका आणि तिच्यावर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. 'हे कसे तपासता येईल?' असा प्रश्न विचारा.

स्वाध्याय

१. हान्स उत्तर कसे देई?
२. झापडे लावल्यावर हान्स का गोंधळला?
३. समितीला जे कळले नाही, ते फुंग्स्ट यांना कशामुळे कळले?

उपक्रम : मित्राला मनात दहाच्या आतील एक आकडा धरायला सांगा. तुम्ही सावकाश ठोके द्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. काय दिसते, ते वहीत लिहा.