गार पाण्यात पडलेला माणूस

ग्रीनलंड देश फार थंड. तिथले शिकारी कातड्याच्या अरुंद होडीतून सील मारायला समुद्रात जात. ही होडी म्हणजे कयाक. ती उलटली तर शिकारी बाहेर पडत नसे. वल्ह्याच्या जोरावर होडीसकट वर येई. का बरे? गार पाणीच जीव घेते!

अशा पाण्यात पडताच धाप लागते, नाकातोंडात पाणी जाते. पट्टीचा पोहणाराही बुडतो. आम्हांला आधी हे खरेच वाटेना.

आता लोक हौसेनेही कयाक चालवतात. अंगात तरंगते जाकीट हवेच. पडलात तर पोहत सुटू नका. होडी धरा, तोंड वर ठेवा. मिनिटाभरात श्वास ताळ्यावर येतो. पण दहाएक मिनिटांत हातपाय लुळे पडतात. तेवढ्यात सोबत्याने उलटी होडी सुलट करून घट्ट धरावी, गड्याला वर घ्यावे.

किनाऱ्यावर त्याला चोळू नये, चालवू नये. दारू तर नकोच. ओले कपडे काढून आडवे निजवावे, कोरड्या घोंगडीत गुंडाळावे. चांगला शुद्धीवर असेल तर गोड, कोमट चहा द्यावा.